पाऊस आला की नेट जातं : लँडलाइनवरच्या ब्रॉडबँडचा बिघाड नेमका कुठे शोधायचा

मे संपेपर्यंत नेट बरं चाललेलं असतं. मृगाच्या दोन-चार सरी पडल्या की मॉडेमवरचा डीएसएलचा (टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या नेटचा) दिवा लुकलुकायला लागतो. जोडणी तुटते, मिनिटभराने जुळते, परत तुटते. तक्रार नोंदवावी तर लाइनमन येईस्तोवर ऊन पडलेलं असतं, नेट सुरू असतं आणि तो आपल्याच तोंडाकडे बघतो. तक्रार बंद. पुढच्या सरीला पुन्हा तोच खेळ. गणपतीला मुंबईची मंडळी घरी आली की नेट बंद असणार, हे आमच्या वाडीत धरूनच चालतात.

ज्यांच्या घरी फायबर अजून पोचलेलं नाही आणि नेट जुन्या टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी राजापूरकडचा. आजूबाजूच्या घरांतले मॉडेम बघायला मला बोलावतात, त्यामुळे हा प्रकार दर पावसाळ्यात बघण्यात येतो. कंपनी कुठली हे इथे महत्त्वाचं नाही, तार सगळीकडे सारखीच वागते.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. पावसाबरोबर येणारा-जाणारा बिघाड राउटरमध्ये, लॅपटॉपमध्ये किंवा प्लॅनमध्ये क्वचितच असतो. तो टेलिफोन एक्स्चेंजपासून तुमच्या भिंतीपर्यंतच्या तारेत असतो. त्यामुळे प्लॅन वाढवून काही होत नाही, नवा राउटर आणूनही होत नाही. तारेच्या कुठल्या टप्प्यात पाणी शिरलंय ते ओळखायचं आणि तक्रार त्या टप्प्याचं नाव घेऊन करायची, एवढंच आपल्या हातात आहे. पण तेवढं नीट केलं तर काम होतं.

तार येते कुठून

एक्स्चेंजमध्ये एमडीएफ नावाची मोठी लोखंडी मांडणी असते. गावातल्या प्रत्येक फोनची दोन तारांची जोडी तिथे येऊन चिकटते. तिथून शेकडो जोड्यांची जाड केबल जमिनीखालून निघते आणि रस्त्याकडेच्या पिलरमध्ये येते. हिरवा किंवा करडा पत्र्याचा कपाटासारखा डबा, दार बहुधा अर्धं उघडं, शेजारी पानटपरी. पिलरमधून बारीक केबल निघून खांबावरच्या डीपी बॉक्सपर्यंत जाते. त्यात दहा-वीस जोड्या असतात. डीपीपासून तुमच्या घरापर्यंत हवेतून येते ती ड्रॉप वायर. ती घरातल्या रोझेटमध्ये, म्हणजे भिंतीवरच्या जोडणीच्या डबीत संपते, मग आवाज आणि नेट वेगळं करणारा स्प्लिटर, आणि तिथून एक वायर फोनला, एक मॉडेमला.

ही सगळी व्यवस्था बोलण्यासाठी बांधलेली आहे. माणसाचा आवाज फोनवर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्या पट्ट्यात जातो. ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली, पुढे तिची लहान ग्रामीण एक्स्चेंजं देशभर बसली आणि खेडोपाडी फोन पोचले, तेव्हा तारेकडून एवढीच अपेक्षा होती. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने इंटरनेट खुलं केलं तेही डायल-अपवर, म्हणजे आवाजाच्याच पट्ट्यातून. डीएसएल आलं आणि त्याच दोन तारांवर वेगळंच ओझं पडलं. एडीएसएल हा त्याचा घरोघरचा प्रकार साधारण २५ किलोहर्ट्झपासून वर चालतो आणि त्याची पुढची आवृत्ती एडीएसएल २ प्लस २.२ मेगाहर्ट्झपर्यंत जाते. ब्रॉडबँड कशाला म्हणायचं याची सरकारी व्याख्या २००४ मध्ये २५६ केबीपीएस होती, २०२३ मध्ये ती २ एमबीपीएस झाली. साधारण आठपट. तार मात्र तीच राहिली.

फ्रीक्वेन्सी जितकी जास्त तितकी ती तारेत लवकर जिरते. म्हणून एडीएसएल २ प्लसचे ते जाहिरातीतले २४ एमबीपीएस एक्स्चेंजपासून किलोमीटरभराच्या आतच मिळतात. तीन किलोमीटरवर सहा-आठ मिळाले तरी तार चांगली म्हणायची, आणि पाचच्या पुढे सिंक होणंच, म्हणजे मॉडेम एक्स्चेंजशी जुळणंच कठीण. हे अंतर केबलचं मोजायचं, नकाशावरचं नाही. एक्स्चेंजची टाकी अंगणातून दिसते, पण केबल रस्त्यारस्त्याने वळसा घालून, पऱ्ह्यावरच्या मोरीवरून येते, असं आमच्याकडे सर्रास आहे. अंतर आपण बदलू शकत नाही, तेव्हा त्याबद्दल भांडू नका. भांडायचं ते जोडांबद्दल.

आधी शेजारी विचारा

मॉडेमला हात लावण्याआधी शेजारच्या घरी फोन करा. त्यांचंही नेट गेलं असेल, पलीकडच्या वाडीचंही गेलं असेल, तर बिघाड तुमच्या जोडीत नाही. एक्स्चेंजमधला डीएसएलॅम (सगळ्यांच्या मॉडेमना जोडणारं यंत्र) बंद पडलाय, किंवा एक्स्चेंजला बाहेरून येणारी फायबर कुठेतरी तुटली आहे, किंवा पिलरला येणारी मुख्य केबल कापली गेली आहे. शेवटच्या प्रकारात सगळ्यांचे फोनही मुके होतात. फायबर तुटली असेल तर डीएसएलचा दिवा स्थिर राहतो आणि नेट मात्र नसतं.

एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. वीज गेल्यावर तुमचा इन्व्हर्टर चालू असतो, मॉडेम चालू असतो, तरी तासाभराने सगळ्या वाडीचं नेट जातं. ही एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांची गोष्ट आहे. एक्स्चेंज ४८ व्होल्टच्या बॅटरी संचावर चालतं. वीज गेली की आधी बॅटऱ्या, मग जनरेटर. बॅटऱ्या म्हाताऱ्या झालेल्या आणि जनरेटरमध्ये डिझेल नसेल तर छोटं एक्स्चेंज तासा-दोन तासांत बसतं. अशा वेळी प्रत्येकाने आपापली वैयक्तिक तक्रार नोंदवण्यापेक्षा वाडीतल्या पाच-सहा जणांनी एकत्र लेखी द्यावं, ग्रामपंचायतीचं पत्र जोडावं. एकट्याची तक्रार आली की माणूस डीपीवर पाठवतात, आणि डीपीत काही सापडणार नसतं.

फक्त तुमचंच गेलं असेल तर पुढे वाचा.

आता दिवे बघा. डीएसएलचा दिवा स्थिर आणि इंटरनेटचा लाल किंवा बंद, म्हणजे तार शाबूत आहे. बिल थकलंय, पासवर्ड चुकलाय, रीसेटचं बटण जास्त वेळ दाबल्यामुळे सेटिंग उडालंय, किंवा एक्स्चेंजच्या पलीकडे काही घोळ आहे. त्यासाठी लाइनमनला बोलावू नका. डीएसएलचा दिवाच लुकलुकत असेल तर मॉडेमला एक्स्चेंज सापडत नाहीये. बिघाड तारेत.

फोन उचलून ऐका

घरात साधा वायरचा फोन ठेवा. नेटसाठी लँडलाइन घेतलेल्या बऱ्याच घरांत फोनचा डबा माळ्यावर गेलेला असतो. तो खाली काढा, कारण बिघाड शोधायला त्याच्याइतकं स्वस्त यंत्र नाही. कॉर्डलेस चालणार नाही, त्याची स्वतःचीच घरघर असते.

रिसीव्हर उचला, डायल टोन आला की कुठलाही एकच आकडा दाबा. टोन थांबतो आणि पुढचे काही सेकंद लाइन शांत असते. त्या शांततेत ऐका. एकसारखी घूं म्हणजे एखादी तार जमिनीला लागते आहे किंवा विजेच्या तारेचा प्रभाव येतोय. तडतड, खरखर म्हणजे जोड सैल किंवा गंजलेला. मागे दुसऱ्या कुणाचं तरी बोलणं पुसट ऐकू येत असेल तर भिजलेल्या केबलमध्ये दोन जोड्या एकमेकींत मिसळताहेत. अशा केबलवर नेट धड चालण्याची आशा सोडा, जोडी बदलूनच घ्यावी लागते.

बाहेरून तुम्हाला फोन केला की 'व्यस्त' लागतो आणि तुमचा रिसीव्हर तर खाली ठेवलेला आहे, असं झालं तर दोन्ही तारांमध्ये पाण्यातून गळती चालू आहे. एक्स्चेंजला वाटतं, यांनी फोन उचललाय.

आता दोन लक्षणं, जी लोकांना चक्रावून टाकतात.

पहिलं : फोन पूर्ण मुका, डायल टोन नाही, पण नेट रडतखडत चालू. 'फोन बंद असेल तर नेट कसं चालेल' म्हणून कॉल सेंटरवाले विश्वास ठेवत नाहीत. पण हे होतं. जोडीतली एक तार तुटली की बोलण्याचा डीसी प्रवाह थांबतो. डीएसएलची उच्च फ्रीक्वेन्सी मात्र तुटलेल्या टोकांमधली फट कपॅसिटरसारखी ओलांडून जाते. वेग दहा वरून एकवर येतो, पण दिवा लागतो. असं दिसलं की नेटची तक्रार करूच नका. 'फोन डेड' अशी तक्रार करा. ती लवकर हाताळली जाते आणि तार जोडली की नेट आपोआप सुधारतं.

दुसरं : नेट सारखं तुटतंय, पण कुणाचा फोन आला, किंवा आपण पाच मिनिटं बोललो, की नंतर तासभर छान चालतं. यात दैवी काही नाही. पीळ मारून नुसत्या गुंडाळलेल्या जोडावर ऑक्साइडचा थर चढतो. फोन उचलल्यावर तारेतून वीस-चाळीस मिलीॲम्पियर प्रवाह वाहतो, तो हा थर तात्पुरता फोडतो. नुसत्या डीएसएलच्या सिग्नलमध्ये तेवढी ताकद नसते. म्हणजे तुमच्या लाइनवर कुठेतरी एक उच्च रोधाचा जोड आहे, एवढं नक्की. आमच्याकडे एक काकू रोज सकाळी नातवाच्या ऑनलाइन क्लासआधी लँडलाइनवरून बहिणीला फोन लावायच्या. 'बोलून घेतलं की नेट बरं चालतं,' म्हणायच्या. घरचे हसायचे, पण निदान काकूंचंच बरोबर होतं.

मॉडेमच्या पानावरचे आकडे

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका, मॉडेमच्या मागच्या चिकटपट्टीवरचा पासवर्ड घाला आणि डीएसएल स्टेटस किंवा स्टॅटिस्टिक्स नावाचं पान उघडा. तिथे पुष्कळ आकडे असतात, पण आपल्याला तीनच लागतात.

ॲटेन्युएशन म्हणजे तारेत सिग्नल किती जिरला. हा आकडा अंतरावर ठरतो, त्यामुळे तो वर्षभर जवळपास स्थिर हवा. ४१ डेसिबल असेल तर एक्स्चेंज केबलने साधारण तीन किलोमीटरवर आहे असं समजा. साठच्या पुढे असेल तर कमी वेगावरच समाधान मानावं लागेल.

एसएनआर मार्जिन म्हणजे गोंगाटाच्या वर किती मोकळी जागा उरली आहे. ६ डेसिबलच्या खाली गेलं की तुटातूट सुरू. दहा-बाराला आराम.

तिसरा सीआरसी एरर, म्हणजे वाटेत बिघडून आलेल्या माहितीच्या तुकड्यांची मोजणी. याची एकूण बेरीज बघू नका, मॉडेम महिनाभर चालू असेल तर ती मोठी असणारच. तासाभरात किती वाढली ते बघा.

खरी मजा तुलनेत आहे. कोरड्या दिवशी मार्जिन १२, ॲटेन्युएशन ४१. मुसळधार पावसात मार्जिन ४, ॲटेन्युएशन ४१ च. म्हणजे अंतर तेच, गोंगाट वाढला. पाणी आत आहे, इन्सुलेशन गळतंय. याउलट ॲटेन्युएशनच ४१ वरून एकदम ५५ झालं, तर एखादा जोड निखळलाय किंवा एक तार तुटली आहे. पहिल्या प्रकारात लाइनमनने भिजलेला भाग शोधायचा, दुसऱ्यात तुटलेला. काम वेगळं, जागाही बहुतेकदा वेगळी.

मार्जिनचा आकडा एका बाबतीत फसवतो. काही लाइनी वेगाला मर्यादा न घालता सोडलेल्या असतात. मॉडेम दुपारच्या कोरड्या हवेत जोडला जातो तेव्हा जेवढा मिळेल तेवढा वेग घेऊन टाकतो आणि मार्जिन ६ वर आणून ठेवतो. संध्याकाळी सर आली, गोंगाट वाढला, ६ चे २ झाले, जोडणी तुटली. पुन्हा जोडताना भिजलेल्या तारेला झेपेल असा कमी वेग ठरतो आणि नेट टिकतं. मॉडेम बंद-चालू केला की बरं होतं, हा सगळ्यांचा अनुभव यातूनच येतो. रीस्टार्टने दुरुस्ती काहीच होत नाही, फक्त नवा सौदा होतो. छप्पर गळतंय म्हणून बादली बदलत राहण्यातला प्रकार.

त्यावर एक उपाय कंपनीच्या हातात आहे आणि तो फुकट आहे. एक्स्चेंजमधून तुमच्या पोर्टचं प्रोफाइल (वेगाची मर्यादा) खाली आणता येतं, मार्जिनचं लक्ष्य ६ ऐवजी ९ ठेवता येतं, इंटरलीव्हिंग (चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून माहिती विखरून पाठवणं) चालू करता येतं. दहाच्या जागी सहा एमबीपीएस मिळतील, पण दिवसभर टिकतील. लोकांना वेग कमी करून मागायचा म्हणजे नुकसान वाटतं. माझं मत विचाराल तर खेड्यातल्या लांब लाइनवर ही पहिली मागणी असायला हवी, जोड दुरुस्त होईपर्यंत तरी.

घरातली बाजू आधी निकालात काढा

लाइनमन आला की पहिलं वाक्य 'तुमच्या घरातच प्रॉब्लेम आहे' हे असतं, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. म्हणून तो यायच्या आधी ही चाचणी करून ठेवा. रोझेट उघडा, घरात पसरलेल्या सगळ्या एक्स्टेन्शनच्या तारा तिथून सोडवा, फक्त बाहेरून आलेली जोडी राहू द्या. तिच्यावर हातभर लांबीची चांगली वायर लावून थेट मॉडेम जोडा. स्प्लिटर नाही, फोन नाही. पावसात तासभर चालवा. नेट टिकलं तर दोष घरात. तरीही तुटलं तर दोष बाहेर, आणि आता तुम्ही ते ठामपणे सांगू शकता. हे काम करताना फोन वाजला तर उघड्या तारेवर ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो. जीवावर बेतत नाही, पण चांगला झटका बसतो. विजा चमकत असताना मुळीच हात लावू नका.

घरातला दोष निघाला तर तो बहुतेकदा जुन्या एक्स्टेन्शनचा असतो. कोकणातल्या घरांत फोन आधी पडवीत असतो, मग माजघरात एक फाटा, मग वर माडीवर एक. माडीवरचा फोन पंधरा वर्षांपूर्वी काढला, पण तार तशीच लोंबतेय. आवाजाला तिचा काही त्रास नव्हता. डीएसएलला आहे. टोक मोकळं सोडलेल्या तारेवरून सिग्नल आपटून परत येतो आणि मूळ सिग्नलमध्ये विशिष्ट फ्रीक्वेन्सीला खड्डा पाडतो. पंचवीस मीटरचा फाटा २ मेगाहर्ट्झच्या आसपास, पन्नास मीटरचा १ मेगाहर्ट्झला. असे फाटे रोझेटपाशीच कापून टाका.

नंतर स्प्लिटर बघा. स्वस्तातला स्प्लिटर दमट हवेत वर्षा-दोन वर्षांत खराब होतो. फोन वाजला की नेट तुटतं, हे त्याचं ठरलेलं लक्षण. मॉडेमपर्यंत चपटी लांबलचक वायर नेली असेल तर तीही बदला. ती पीळ न दिलेली असते आणि शेजारच्या बोर्डातला सगळा कचरा उचलते. वीज गेल्यावर म्हणजे इन्व्हर्टरवर घर चालू असतानाच नेट तुटत असेल तर इन्व्हर्टर मॉडेमपासून लांब न्या. एखादी सुमार एलईडी ट्यूबही हाच उपद्व्याप करते. एकेक बंद करून मार्जिनचा आकडा बघत बसलं की गुन्हेगार सापडतो.

रोज अंधार पडल्यावरच, पाऊस असो वा नसो, मार्जिन दोन-तीन डेसिबलने घसरत असेल तर घाबरू नका. मध्यम लहरींचे रेडिओ डीएसएलच्याच पट्ट्यात बसतात. मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर, पुणे केंद्र ७९२ वर. रात्री मध्यम लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन दूरदूरहून येतात आणि खांबावरची लांब ड्रॉप वायर त्यांना अँटेनासारखी पकडते. चांगल्या जोडीत दोन्ही तारांवर हा गोंगाट सारखाच पडतो आणि कटतो. जोड एका बाजूने गंजलेला असेल तर कटत नाही. तेव्हा रात्रीची घसरण जास्त असेल तर तीही जोडाचीच तक्रार समजा.

बाहेर : डीपी आणि ड्रॉप वायर

आमच्या भागातले बहुतेक पावसाळी बिघाड डीपीपासून घरापर्यंतच्या तुकड्यात निघतात. गेल्या खेपेला आमचा लाइनमन शिडीवर चढून डीपी उघडत होता तेव्हा मी खाली उभा होतो. झाकणाचा स्क्रू कधीचाच गेलेला, झाकण तारेने बांधलेलं. आत मुंग्यांचं वारूळच, मातीचा थर, कोपऱ्यात गांधीलमाशीचं रिकामं पोळं. आमच्या जोडीचं टर्मिनल हिरवट-पांढऱ्या भुकटीने झाकलेलं. त्याने नुसतं पेचकसाने खरवडलं तशी मी म्हटलं, "भाऊ, तार थोडी कापून नवीन टोक घ्या ना." तो म्हणाला, "सर, तार पुरायला तर हवी. कापून कापून एवढीच उरली आहे." खरंच, वितभर शिल्लक होती. शेवटी त्याने शेजारचं न वापरलेलं टर्मिनल साफ करून आमची जोडी तिकडे हलवली आणि ड्रॉप वायरला खालच्या बाजूला झोळ दिला, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी डब्यात न शिरता झोळातून खाली गळेल. या साध्या झोळाचं महत्त्व फार आहे. तुमच्या भिंतीत जिथे वायर शिरते तिथेही तो हवा, आणि तो तुम्ही स्वतः देऊ शकता.

ड्रॉप वायर जमिनीवरून उभं राहून तपासा. आंब्या-फणसाच्या फांदीला घासते आहे का, माकडांनी ओढून तिचे मध्येच जोड झालेत का, त्या जोडांवर नुसती काळी टेप आहे का. टेप पाणी अडवत नाही, शिरलेलं पाणी आत धरून ठेवते. जोडासाठी जेल भरलेले कनेक्टर मिळतात, लाइनमनकडे नसले तर बाजारात स्वस्तात मिळतात. पाच-दहा आणून त्याच्या हातात ठेवा. खांबावर मात्र स्वतः चढू नका. पुष्कळ ठिकाणी त्याच खांबावरून किंवा हातभर अंतरावरून विजेच्या तारा जातात.

डीपीच्या मागे, म्हणजे पिलरमध्ये किंवा जमिनीखालच्या केबलमध्ये पाणी असेल तर लाइनमन एकटा काही करू शकत नाही. जुन्या केबलींत तारेभोवती कागदाचं इन्सुलेशन असे. एकदा चिरली की कागद पाणी शोषत लांबवर नेतो. नंतरच्या केबलींत जेली भरलेली असते, तिथे पाणी जोडापाशीच थांबतं. फोनची लाइन उणे ४८ व्होल्टवर ठेवतात तीही तांबं कमी गंजावं म्हणून, पण भिजलेल्या जोडापुढे तिचंही काही चालत नाही. अशा वेळी केबलमधली दुसरी सुकी जोडी मोकळी असेल तर 'पेअर बदलून द्या' एवढंच मागा. अख्खी केबल बदलण्याची वाट बघत बसलात तर दोन पावसाळे जातील.

जेसीबीने केबल तुटली तर गोष्ट निराळी. रस्ता रुंदीकरण, नळपाणी योजना, कुणाचं तरी कुंपण, कारण काहीही. खोदण्याआधी केबलवाल्यांना कळवता यावं म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आणलं आहे. तुमच्या वाडीत खोदाई निघणार असेल तर ठेकेदाराला त्याची आठवण करून द्या आणि लाइनमनला आदल्या दिवशी फोन करून ठेवा. तुटल्यावर शेकडो जोड्या रंग बघून एकेक जुळवायच्या असतात, आणि घाईत केलेले तेच जोड पुढच्या जूनमध्ये भिजतात.

तक्रार कशी लिहायची

'नेट स्लो आहे' अशी तक्रार कधीही देऊ नका. तिचं उत्तर मॉडेम रीस्टार्ट करा हेच येणार. असं लिहा : 'फोनवर खरखर आहे. घरातली सर्व वायरिंग सोडवून रोझेटवर थेट तपासलं, तरी बिघाड कायम. पावसात डाउनस्ट्रीम (एक्स्चेंजकडून घराकडे) मार्जिन १२ वरून ४ वर येतं, ॲटेन्युएशन ४१ स्थिर. डीपी आणि ड्रॉप वायरचे जोड तपासावेत, पेअर मोकळी असल्यास बदलावी.' मॉडेमच्या पानाचा फोटो जोडा, पाऊस चालू असतानाचा आणि कोरड्या दिवसाचा. वेळ दिसली पाहिजे. फोनवर खरखर असेल तर ती पहिल्या वाक्यात घाला. आवाजाचा दोष कुणीही फोन लावून ऐकू शकतो, त्यावर वाद होत नाही.

तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार तो मिळणं हा तुमचा हक्क आहे. तक्रार न सोडवताच बंद केली तर त्या क्रमांकावर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क अपील करता येतं. 'तक्रार सुटली' असा मेसेज ऊन पडल्यावर आला तर लगेच हो म्हणू नका, पुढची सर येईपर्यंत थांबा. लाइनमनवर मात्र राग काढू नका. एका माणसाकडे तीन-चार एक्स्चेंजं असतात, शिडी त्याने स्वतःच्या मोटारसायकलला बांधून आणलेली असते.

वीज कडाडायला लागली की मॉडेमचा प्लग काढणं पुरेसं नाही, टेलिफोनची वायरही काढा. धक्का बहुधा तिकडूनच येतो. कधी कधी डीएसएलचा पोर्ट पूर्ण जळत नाही, अर्धवट जळतो. दिवा लागतो, पण मार्जिन कायमचं खाली. सगळं तपासून झालं आणि काही सापडत नसेल तर शेजाऱ्यांचा मॉडेम अर्धा तास आणून लावून बघा.

फायबर येणार असेल तर घ्या, यात दुमत नाही. काचेला पाण्याचं वावडं नाही, अंतराचाही फारसा प्रश्न नाही. पण ग्रामपंचायतीत भारतनेट या सरकारी योजनेची फायबर आली म्हणजे ती तुमच्या दारात आली असं नव्हे. शेवटचा किलोमीटर कोण ओढणार ते आधी विचारा. आणि फायबरचेही आपले बिघाड आहेत. लाल एलओएस दिवा म्हणजे प्रकाश पोचत नाही : काच तुटली, फार वाकली, किंवा कनेक्टरवर धूळ बसली. उपकरणाच्या पानावर रिसीव्ह पॉवर उणे २७ डीबीएमच्या खाली दिसली तर सिग्नल काठावर आहे. शिवाय तांब्याच्या फोनला घरात वीज लागत नाही, फायबरच्या डब्याला लागते. पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज जाणाऱ्या गावात राहत असाल तर त्या डब्यासाठी छोटा १२ व्होल्टचा बॅकअप घ्या. आणि घरात म्हातारी माणसं असतील तर तांब्याची जोडी लगेच परत करू नका, निदान पहिला पावसाळा जाऊ द्या.

सध्या तांब्यावरच असाल तर मे महिन्यात एका कोरड्या दुपारी मॉडेमचं ते पान उघडून फोटो काढून ठेवा. डाउनस्ट्रीम आणि अपस्ट्रीम, दोन्हींचे मार्जिन आणि ॲटेन्युएशन, आणि सिंकचा वेग. मल्टिमीटर असेल तर रोझेटवरचं डीसी व्होल्टेजही लिहून ठेवा, फोन खाली ठेवलेला असताना साधारण ४८ च्या आसपास दिसतं. जुलैत घरातलं सगळं सोडवूनही ते पस्तीसवर आलं असेल, तर गळती बाहेर आहे हे लाइनमनलाही एका नजरेत पटतं, आणि तो शिडी घेऊन थेट डीपीकडे जातो.